अकरा पायऱ्यांचं पान

आमच्या महाप्याच्या ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणत. साइटवर जाऊन सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांमध्ये ते सगळ्यांत जुने. सत्तावन्न वर्षांचे, उरणच्या मोरा बंदराजवळच्या कोळीवाड्यातले. घरात पहिली पगाराची नोकरी त्यांचीच. मी त्याच ऑफिसात डॉक्युमेंटेशन लिहायचे. म्हणजे आमचं सॉफ्टवेअर कसं बसवायचं, कसं चालवायचं, अडलं तर काय बघायचं, हे सगळं कंपनीच्या वेबसाइटवर पानापानांनी लिहून ठेवायचं. वाचणारा कोण असतो, हे मला बारा वर्षांत फारसं कळलेलं नव्हतं. काका पहिले.

एके दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"बाय, तुझी ती पानं मना आत वाचता येत नाय."

"का, काय चुकलंय का त्यात?"

"चुकला काय नाय. आत नेटच नाय, तर वाचू कसा?"

आमचं सॉफ्टवेअर तेलाच्या आणि रसायनांच्या मोठ्या टाक्यांसाठी आहे. टाकीत माल किती उंचीपर्यंत आलाय ते पडद्यावर दिसतं आणि ठरवलेल्या मर्यादेवर गेला की अलार्म वाजतो. अशा टाक्यांची ठिकाणं उरणच्या बाजूला बरीच. तिथं गेटवर फोन जमा करतात, लॅपटॉप नेऊ देत नाहीत, आणि कंट्रोल रूमच्या मशीनला इंटरनेट मुद्दामच दिलेलं नसतं. काका प्रिंट काढून न्यायचे. जाडजूड गठ्ठा, आणि तो कधीच ताजा नसायचा. त्यांनी पिशवीतून एक ई-रीडर काढला. मुलीनं नोकरी लागल्यावर घेऊन दिलेला. गेटवरच्या अधिकाऱ्याला दाखवून, कॅमेरा नाही, सिम नाही हे पटवून, त्यांनी तो आत न्यायची लेखी परवानगीही मिळवली होती.

"यात भरून दे. पुस्तक कर त्याचा."

मी हो म्हटलं आणि मला त्या कामाचा नादच लागला. वेबसाइटवरचं एकेक पान उचलायचं, त्याचा मेनू, बटणं, खालची पट्टी काढून टाकायची, पानं वाचायच्या क्रमानं लावायची, आतल्या लिंका पुस्तकातल्याच पानांकडे वळवायच्या, रंगीत चित्रं करड्या पडद्यावर कळतील अशी करायची. बरंचसं काम एक छोटा प्रोग्रॅम करायचा, तोही मीच लिहिला होता. तीन आठवड्यांत पुस्तक झालं. मी ते माझ्या ई-रीडरवर टाकून तपासलं. तपासलं म्हणजे सुरुवातीची तीसेक पानं आणि शेवटची दहा. मधली तशीच असणार असं धरून चालले. हे मी आजवर कुणी विचारल्याशिवाय सांगितलेलं नाही.

काकांनी ते पुस्तक उघडून अंगठ्यानं पान उलटलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अक्षर मोठं करून बघितलं. "आता डोल्यातना पानी नाय येनार," म्हणाले. मग प्रत्येक साइटवरून आले की ते मला सांगायचे, आज अमुक पान बघून अमुक केलं. आपण लिहिलेलं कुणीतरी शब्दन् शब्द वाचून त्यावर काम करतंय, ही गोष्ट मला घरी जाताना कामोठ्यापर्यंत पुरायची.

पुढचं घडलं ते त्यानंतर चार महिन्यांनी.

त्या दिवशी काका उरणच्या एका टर्मिनलवर सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती चढवायला गेले होते. निघताना मला सांगून गेले होते, की तीनला जहाज लागणार आहे, त्याच्या आत काम संपवायचं. जहाजातला माल टाक्यांत घ्यायला सुरुवात झाली, की मशीनला कुणी हात लावू शकत नाही.

साडेबाराच्या सुमाराला मी डबा उघडायच्या आधी पुस्तकातलं एक कोष्टक बघत होते. दुसऱ्या एका इंजिनिअरची तक्रार होती, कोष्टक कापलं जातंय. ते शोधता शोधता मी 'आवृत्ती बदलणे' या पानावर आले आणि थांबले. पानावर अकरा पायऱ्या होत्या.

मी लिहिलं तेव्हा अकरा नव्हत्या. वेबसाइटवर त्या पानाला दोन टॅब आहेत. एक 'जुन्या आवृत्तीवरून येत असाल तर', त्याच्या सहा पायऱ्या. दुसरा 'नव्या आवृत्तीवरून येत असाल तर', त्याच्या पाच. वेबसाइटवर एका वेळी एकच टॅब दिसतो, आपलं ते उघडायचं आणि करायचं. माझ्या प्रोग्रॅमनं बटणं काढताना टॅबची नावंही बटणं समजून काढून टाकली होती. मागे उरल्या होत्या फक्त पायऱ्या, एकाखाली एक, एक ते अकरा सलग.

आणि जुन्या आवृत्तीतली तिसरी पायरी होती, 'मर्यादा नावाचा फोल्डर पुसून टाका.' जुन्या आवृत्तीत त्या फोल्डरात कचराच असायचा. नव्या आवृत्तीत टाक्यांच्या सगळ्या मर्यादा त्यातच असतात. टर्मिनलवर आधीपासून नवीच आवृत्ती होती, काका तिच्यापुढची चढवायला गेले होते.

मी घाईनं पुढच्या पायऱ्या बघितल्या. आठवी पायरी वाचली: 'मर्यादा हा फोल्डर जागेवर असल्याची खात्री करा.' क्षणभर धीर आला, की तिथं तरी काकांना कळेल. मग आठवलं, चढवताना सॉफ्टवेअर त्या नावाचा रिकामा फोल्डर आपोआप तयार करतं. फोल्डर जागेवर दिसणार. पडदा हिरवा दिसणार. सगळं सुरळीत आहे असंच वाटणार, आणि टाकी काठोकाठ भरली तरी अलार्म वाजणार नाही.

काकांना फोन लावला. बंद. गेटवर जमा असणार. टर्मिनलच्या ऑफिसचा नंबर लावला, ऑपरेटरनं कंट्रोल रूमला जोडून दिला, तिथं घंटी वाजत राहिली. कंट्रोल रूमचा थेट नंबर ज्या आमच्या माणसाकडे होता तो विमानात होता. आमचे मॅनेजर क्लायंटच्या मीटिंगमध्ये, तेही बाहेर. शेवटी गेटचा नंबर लागला.

"कौन सा इंजीनियर?" तिथला गार्ड म्हणाला. "आज तीन पार्टी अंदर है."

मी काकांचं नाव सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं. "उनको बोलिए काम रोक दें. महापे से फोन आया था बोलिए. बहुत अर्जंट है."

"ठीक है मॅडम, बोल देता है."

तो बोलेल की नाही, मला काही खात्री वाटेना. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला दोन्ही नंबर लिहून दिले, म्हटलं, उचलेपर्यंत लावत राहा. मॅनेजरना मेसेज टाकला आणि खाली उतरून मिळेल ती टॅक्सी पकडली.

महाप्याहून उरण फाट्यापर्यंत वीस मिनिटं लागली. आम्रमार्गावरून गाडी बरी धावली. गव्हाण फाट्याच्या पुढे मात्र कंटेनरच्या ट्रेलरांची रांग. दोन्ही बाजूंना, जासईपर्यंत. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"रोजचंच आहे मॅडम. टेन्शन घेऊ नका. हलेल."

मी ई-रीडर मांडीवर घेऊन तेच पान पुन्हा पुन्हा वाचत होते. काकांसारखं वाचायचा प्रयत्न करत होते. एक, दोन, तीन. कुठंच अडायला होत नव्हतं. मी वाक्यं इतकी सोपी लिहिली होती, की माणसाला थांबून विचार करायची गरजच पडू नये. तेच माझं कौशल्य होतं. मैत्रिणीचा फोन आला: कंट्रोल रूम अजून उचलत नाही, गेटवाला म्हणतो निरोप दिला.

"काय निरोप दिला?"

"ते नाही सांगितलं गं. दिला म्हणाला."

टर्मिनलच्या गेटवर पोचले तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. आत जायला पास, ओळखपत्र, सेफ्टी शूज, हेल्मेट. शिवाय पहिल्यांदा येणाऱ्यानं सुरक्षेची पंधरा मिनिटांची फिल्म बघितल्याशिवाय पासच मिळत नाही. मी गार्डच्या पाया पडणंच काय ते बाकी ठेवलं. त्याचं एकच, "रूल है मॅडम."

तेव्हा मला सुचलं ते केलं. त्याच्या रजिस्टरमधला एक कागद मागून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'अलार्मच्या मर्यादा पुसल्या गेल्या असण्याची शक्यता आहे. खात्री होईपर्यंत जहाजातून माल घेऊ नका.' खाली माझं नाव, कंपनीचं नाव, हुद्दा. म्हटलं, "मला आत सोडू नका. पण हा कागद शिफ्टच्या साहेबांना आत्ता वाचून दाखवा."

जहाज थांबवायचं वाचल्यावर त्याचा आवाज बदलला. त्यानं वॉकी-टॉकीवर कागद वाचून दाखवला. पाच मिनिटांत शिफ्टचे अधिकारी स्वतः गेटवर आले. पस्तिशीचे असतील. घामाघूम.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"जहाज वेळेआधीच लागलंय. माल घ्यायचा होज पाइप जोडून झालाय. तुम्हाला खात्री आहे?"

खात्री नव्हती. काकांनी तिसरी पायरी केली की नाही, मला कुठं माहीत होतं? कदाचित त्यांना शंका आली असेल. कदाचित निरोप पोचून त्यांनी काम थांबवलंही असेल. मी थांबायला सांगितलं आणि काही झालेलंच नसलं, तर माझी नोकरी जाणं बाजूलाच, काकांना त्या गेटमधून पुन्हा आत घेतलं नसतं. हे सगळं मनात येऊन गेलं. साहेब माझ्याकडे बघत उभे होते.

"हो," मी म्हटलं. "थांबवा."

त्यांनी वॉकी-टॉकी तोंडाशी नेला आणि पंप सुरू करू नका असं सांगितलं. मग माझ्यासाठी आणि माझ्या ई-रीडरसाठी स्वतःच्या सहीनं पास काढला. पायात दोन नंबर मोठे शूज घालून मी त्यांच्या मागे जवळजवळ पळतच गेले.

काका कंट्रोल रूममध्ये हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. निघायच्या तयारीत. कंट्रोल रूमचा फोन शेजारच्या बंद केबिनमध्ये वाजत होता. ई-रीडर पिशवीत गेला होता. मला बघून उभेच राहिले.

"बाय, तू? घरी काय झाला? माय बरी हाय ना?"

मला कळेना. मग उलगडा झाला. गार्डचा निरोप तीन तोंडांतून फिरून त्यांच्यापर्यंत असा पोचला होता: घरून अर्जंट फोन होता, काम आटपून निघा. त्यांची आई नव्वदीला आलेली, अंथरुणाला खिळलेली. त्यांनी घाईघाईनं उरलेल्या पायऱ्या केल्या होत्या, पडदा हिरवा झालेला बघितला होता, आणि शेवटी एका टाकीवर अलार्म वाजवून बघायची चाचणी ते नेहमी करत, ती त्या दिवशी सोडून दिली होती. थांबवायला म्हणून मी केलेल्या फोननं त्यांना घाईला लावलं होतं.

"घरी सगळं ठीक आहे काका," मी म्हटलं. "पडद्यावर मर्यादांचं पान उघडा."

त्यांनी उघडलं. पहिल्या टाकीपासून बाविसाव्या टाकीपर्यंत प्रत्येक रकाना रिकामा होता.

बाहेर जहाजाच्या दिशेनं कसला तरी भोंगा वाजला. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पडद्याकडे बघत राहिले. तीस वर्षांत त्यांनी बसवलेल्या कुठल्याही मशीननं दगा दिला नव्हता, हे ते सगळ्यांना अभिमानानं सांगत. मला त्यांच्याकडे बघवेना.

"माझ्याकडना राहिला," ते साहेबांना म्हणाले. "मी चेक केला पायजे होता."

आणि मी गप्प राहिले. ही गोष्ट लिहायला बसले ती या एका क्षणासाठी, त्यामुळे तो टाळून चालणार नाही. तिथं तोंड उघडून सांगायचं होतं, की हे पान मी केलंय आणि ते चुकीचं आहे. माझ्या हातात माझा ई-रीडर होता, त्यात तेच पान. मी म्हटलं ते एवढंच, "मर्यादांची यादी कुठं लिहिलेली आहे का तुमच्याकडे?"

भिंतीवर होती. लॅमिनेट केलेला एक तक्ता, प्रत्येक टाकीचे चार आकडे. बॅकअप मागवायचा तर दुसऱ्या दिवसावर गेलं असतं, म्हणून हातानं भरायचं ठरलं. साहेब तक्त्यावरून वाचत, काका टाइप करत आणि मी पडद्यावरून उलट वाचून दाखवत असे. काका एकेका बोटानं टाइप करत होते. सव्वातासानं बाविसावी टाकी झाली. मग काकांनी एकेका टाकीवर अलार्म वाजवून बघितला. बावीस वेळा तो कर्कश आवाज. एरवी सगळे कानावर हात ठेवतात. त्या दिवशी कुणी ठेवला नाही. साडेचारच्या सुमाराला पंप सुरू झाला.

परत येताना काका माझ्याच टॅक्सीत होते. जासईशी गाडी पुन्हा रांगेत अडकली. मग म्हणाले, "तुला कसा कलला?"

मी ई-रीडर उघडून ते पान दाखवलं. टॅब म्हणजे काय, ते कसे गेले, पायऱ्या कशा एकत्र झाल्या, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मी आठवीला अडकलू होतू. म्हटलं, मगाशी पुसला, आता हाय का म्हनून विचारतात? पन फोल्डर तर दिसला. मग वाटला, तू लिवलाय तर बरोबरच असंल."

मला रडू आलं. खिडकीबाहेर ट्रेलर उभे होते, त्यांच्याकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले, तर काका आधीच तिथं होते आणि चूक आपली असल्याचं सांगून मोकळे झाले होते. मी दोन्ही पानं समोर ठेवली, वेबसाइटवरचं आणि पुस्तकातलं. मॅनेजरनी दोन्ही नीट बघितली. ओरडले नाहीत. "टर्मिनलला लेखी कळवा," म्हणाले. "आणि ही पुस्तकं आजपासून बंद."

मी टर्मिनलला सविस्तर लिहिलं. चूक इंजिनिअरची नसून माझ्या पुस्तकाची होती, असं स्पष्ट. लिहून हलकं वाटलं. ते जेमतेम दोन दिवस टिकलं. टर्मिनलचं उत्तर आलं, की यापुढे कुठल्याही कंत्राटदाराला ई-रीडर आत नेता येणार नाही.

त्यानंतर आठ दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. कँटीनमध्ये समोरून जायचे, मान हलवायचे, बस्स. नवव्या दिवशी माझ्या टेबलाशी आले.

"खरा सांगितलास ते बरा केलास," म्हणाले. "पन मना विचारून सांगायचा होता. माझा काम हाय, माझा पुस्तक हाय. दोघांनी मिलून लिवला असता, तर त्यांना समजवता आला असता."

त्यांचं बरोबर होतं. मी माझ्या मनावरचं ओझं उतरवलं होतं आणि ते नेमकं त्यांच्या खांद्यावर जाऊन पडलं होतं. मी तसं म्हणाले. ते हसले नाहीत, पण खुर्ची ओढून बसले.

बाकीच्या साइटवर ई-रीडर चालत होता. मॅनेजरना दोघांनी जाऊन गळ घातली. एक अट पडली: पुस्तकातलं प्रत्येक पान वेबसाइटशी ताडून दोघांनी सही करायची. मग रोज जेवणानंतर कँटीनच्या कोपऱ्यात आमचं वाचन सुरू झालं. मी प्रोग्रॅम दुरुस्त केला होता, टॅबची नावं आता ठळक मथळे होऊन यायची, पण माझा त्याच्यावर विश्वास उरला नव्हता. काका पुस्तकातून मोठ्यानं वाचत, मी लॅपटॉपवर वेबसाइट बघत असे. आणखी चार ठिकाणी गडबड सापडली. एका ठिकाणी तर मूळ वेबसाइटवरच चूक होती. तीन वर्षं तशीच होती आणि कुणी कळवलं नव्हतं.

"कोनी वाचलाच नसंल," काका म्हणाले.

सगळं पुस्तक संपायला दोन महिने लागले. शेवटच्या पानावर आम्ही दोघांनी तारीख टाकून सह्या केल्या, तो कागद मॅनेजरच्या फायलीत गेला. त्याच आठवड्यात काकांना तळोज्याला एका जागी आवृत्ती बदलायला जायचं होतं. सकाळी दहाला त्यांचा फोन आला, गेटच्या बाहेरून, फोन जमा करायच्या आधी.

"पान उघड," म्हणाले.

मी उघडलं. त्यांनी मथळा वाचला, मग पहिली पायरी, मग दुसरी. प्रत्येक पायरीनंतर थांबून माझ्या 'बरोबर'ची वाट बघत होते. पाचवी झाल्यावर म्हणाले, "संपल्या. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हटलं. "आणि चाचणी करा काका, अलार्म वाजवून."

"करतू," म्हणाले आणि फोन गेटवर जमा करायला गेले. दुपारी अडीचला त्यांचा फोन येईपर्यंत मी डबा उघडला नाही.